वाडीतला काळोख

कोकणाचं चित्र म्हटलं की हात आधी निळ्या ट्यूबकडे जातो. कॅलेंडरं, लॉजच्या भिंती, स्टँडावरच्या जाहिराती, सकाळी सकाळी फोनवर येणारे सुविचार, सगळीकडे तोच समुद्र, तोच वाकडा माड, तीच एकटी होडी. त्यात खोटं काही नाही. वेळणेश्वरला नाहीतर हेदवीला उभं राहिलं तर समुद्र निळाच दिसतो, निदान पाऊस नसतो तेव्हा. पण हे चित्र पाहुण्याचं आहे, गाडीतून उतरून थेट पुळणीवर गेलेल्या माणसाचं. गावात राहणाऱ्याला कोकण असं दिसत नाही. माझं आजोळ गुहागर, त्यामुळे हे मला जरा ठासून सांगता येतं.

गुहागर एका लांबलचक रस्त्यावर वसलंय, किनाऱ्याला समांतर. दोन्ही बाजूंना घरं आणि घरांची तोंडं रस्त्याकडे. पश्चिमेकडच्या घरांच्या मागे वाडी, म्हणजे नारळी-सुपारीची बाग. वाडीची रुंदी जेमतेम घराएवढी, लांबी मात्र पार समुद्रापर्यंत. मागचं दार उघडलं की आधी विहीर आणि न्हाणी, मग माड, मग दाटीनं पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरवेल, मधेच जायफळाची गर्द झाडं, आळ्यांत पाणी नेणारे पाट, शेवटी केवड्याचं कुंपण, सुरूची रांग, आणि मग एकदाची पुळण. भर दुपारी वाडीत शिरलं तरी डोळे सरावायला वेळ लागतो. समुद्र ऐकू येतो, रात्रंदिवस येतो, पण दिसत नाही. जुन्या लोकांनी गाव वसवताना समुद्राकडे सरळ पाठ केली आहे. खारा वारा अंगावर घ्यायला झाडं पुढे, माणसं मागे. ‘सी व्ह्यू’ ही चीज अलीकडची, आणि तिचे पैसे मोजणारेही बहुतेक बाहेरचे.

तेव्हा गावाचा खरा रंग काळा. हिरवट काळा, तपकिरी काळा, चिऱ्याच्या भिंतीवर पावसाळ्यात चढतो तो शेवाळी काळा. आणि या काळ्याच्या टोकाला, वाडी संपते तिथे, बोटभर रुंदीची पांढरी फट. तो समुद्र.

हे जलरंगात मला कधी जमलं नाही असं म्हणण्यापेक्षा जलरंगाचा स्वभावच त्याच्या आड येतो असं म्हणेन. जलरंगात पांढरा कागद हा मूळ धरायचा, तो जपत जपत त्यावर सावल्या चढवायच्या. वाडीत सगळा मामला उलटा. मूळ आहे तो काळोख, आणि उजेड कुठून कुठून आत शिरतो तेवढाच दाखवायचा. मुद्राचित्रणातल्या, म्हणजे छाप घेऊन चित्र करण्याच्या कलेतल्या, मोनोटाइपची एक पद्धत अगदी अशीच चालते, म्हणून मी तिच्या नादी लागले ते लागलेच.

मोनोटाइप समजायला सोपा. एक गुळगुळीत प्लेट घ्यायची, तांब्याची, जस्ताची, काचेची किंवा ॲक्रिलिकची. तिच्यावर काहीही कोरायचं नाही, आम्लानं खोदायचं नाही. फक्त शाईनं चित्र करायचं, वर कागद ठेवून दाब द्यायचा आणि कागद उचलायचा. बहुतेक सगळी शाई कागदावर निघून येते, त्यामुळे छाप एकच. आता चित्र दोन तऱ्हांनी करता येतं. एक तर कोऱ्या प्लेटवर ब्रशनं किंवा चिंधीनं रंग लावत जायचा. नाहीतर सगळी प्लेट रोलरनं काळी करून टाकायची आणि जिथे उजेड हवा तिथली शाई पुसायची. या दुसऱ्या पद्धतीचा, आणि एकूण मोनोटाइपचाच, मान इटलीतल्या जेनोआचा जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तिल्योने याला देतात. 1640च्या दशकातली गोष्ट. तो एचिंग करणारा, म्हणजे आम्लानं प्लेट कोरून छाप काढणारा माणूस होता, आणि एचिंगमध्ये प्लेटवर शाई लावून पुसणं हे रोजचंच काम. मला वाटतं, पुसता पुसता कधीतरी त्याला त्या अर्धवट पुसलेल्या शाईतच काहीतरी दिसलं असणार.

एक वाडी कशी छापते ते सांगते. शाई साधी काळी नसते. काळ्यात थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि थेंबभर हिरवा, म्हणजे काळोखाला ऊब येते. रोलर फिरवताना आवाजाकडे लक्ष. शाई जाड असेल तर चिकट चरचर येते, बेताची झाली की आवाज बारीक होतो, आणि प्लेटवर मखमल दिसायला लागते. मग पोफळी. पोफळीचं खोड सडपातळ, सरळ, राखाडी, आणि त्यावर गळून पडलेल्या पानांच्या कड्या. आगपेटीच्या काडीला मलमल गुंडाळून वरून खाली एका दमात ओढायचं. मध्ये थांबलं की तिथे गाठ येते आणि ती पोफळ न राहता बांबू होतो. कड्या नखानं. नख आडवं टेकवून किंचित फिरवलं की पुसलेल्या पट्टीत शाईची एक बारीक रेघ परत सरकते, नेमकी त्या वळ्यासारखी. पुढची झाडं जास्त पुसलेली, मागची कमी, त्यामागची फक्त बोटानं शाई हलवून सुचवलेली. जमिनीवरचे कवडसे कापसाच्या बोळ्यानं टिपायचे, घासायचे नाहीत. घासलेला कवडसा डबक्यासारखा दिसतो. शेवटी ती पांढरी फट. ती सर्वांत शेवटी, आणि हात आखडता घेऊन. फट जरा रुंद झाली की वाडीचं अंगण होतं, दोन्हीकडची झाडं कुंपणासारखी उभी राहतात, आणि समुद्र आत येऊन बसतो.

हे सगळं शाई ओली असेपर्यंत. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये पंखा लावला की प्लेट हातात असतानाच शाई ओढ घ्यायला लागते. गुहागरला जुलैत घाई नसते. हवेतच इतकं पाणी असतं की शाई सुकायचं नाव घेत नाही, दुपारी पुसायला घेतलेली वाडी चहा पिऊन आल्यावरही पुसता येते. कागद भिजवून टिपायचीही गरज नाही, पुण्याहून नेलेला हातकागद दोन रात्रींत आपसूक मऊ पडतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यावर बुरशीचे ठिपके येतात ते वेगळं. हातांची शाई काढायला मी टर्पेंटाइन केव्हाच सोडलं. घरचं खोबरेल हातावर चोळून जुन्या धोतराच्या फडक्याला पुसलं की हात स्वच्छ, वर मऊ. आजीच्या भाषेत, एवढ्या खटाटोपात तेवढंच काय ते कामाचं.

आजोळी प्रेस नाही. प्लेट ओटीवर ठेवायची, कागद घालायचा आणि पितळी पळीच्या पाठीनं घासत सुटायचं. प्रेसमध्ये ब्लँकेटखालून सगळीकडे सारखा दाब मिळतो, पळीनं तसा मिळत नाही. जिथे जोर लागला तिथे काळा खोल, जिथे निसटला तिथे कागदाचा पोत वर येतो. वाडीला हा असमानपणा शोभतो. प्रेसवर काढलेल्या माझ्या वाड्या जास्त नेटक्या आहेत आणि मला कमी आवडतात.

जिलेटीनची प्लेट हाही एक प्रकार असतो, मऊ असल्यामुळे पानांचे छाप सुरेख येतात. पण जिलेटीन प्राणिजन्य, आणि आजोळच्या स्वयंपाकघरात ते शिजवायचं तर घर सोडावं लागेल. चायना ग्रासची प्लेट करून पाहिली, ती ठिसूळ, चौथ्या-पाचव्या दाबाला भेगाळते. तो विषय तिथेच संपला.

जागेवर बसून काढावं की घरी येऊन, यावर चित्रकारांत जुनी भांडणं आहेत. मी वाडीत बसून प्लेट पुसत नाही. डास हे एक कारण, पण तेवढंच नाही. समोर झाड असलं की हात झाडाचं ऐकतो, प्लेटचं ऐकत नाही. फ्रेंच चित्रकार एदगार देगानं तीनशेहून जास्त मोनोटाइप केले, त्यातले बरेचसे नाचणाऱ्या मुली, कॅफे, न्हाणाऱ्या बायका. पण 1890च्या ऑक्टोबरात तो एका मित्राबरोबर घोडागाडीनं बर्गंडीत गेला आणि तिथे जॉर्ज जानिओ या चित्रकाराच्या घरी प्रेस मिळाल्यावर वाटेत पाहिलेली टेकाडं, शेतं, धुकं आठवणीतून प्लेटवर उतरवायला लागला, आणि तीही तैलरंगात. नुसते रंगाचे ओघळ आणि बोटांचे ठसे, तरी लांबून पाहिलं की डोंगर. उघड्यावर ईझल मांडून बसणाऱ्या चित्रकारांची त्याला भारी चीड. त्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन 1892मध्ये पॅरिसला झालं. मला त्यात पटतं ते घोडागाडीचं. हलत्या गाडीतून तपशील हाती लागतच नाही, लागतो तो फक्त काळ्या-उजळ्याचा हिशेब. चिपळूणहून गुहागरची एसटी धरा, मार्गताम्हाने, शृंगारतळी करत ती सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, येते तेव्हा खिडकीतून जे सरकत जातं ते बघा. करड्या कातळाचा लांब पट्टा, त्यावर गवताची एक रेघ, आणि मग उतार लागला की झाडांच्या काळोखात बुडी. या एका प्रवासानं मला स्केचबुकांपेक्षा जास्त दिलंय.

सड्याचं तंत्र मात्र निराळं. तिथे काळोख नाहीच, उन्हाळ्यात तर डोळे दिपतात. तिथे कोऱ्या प्लेटवर चिंधीनं थोडीच शाई फिरवते आणि बाकी कागदावर सोडून देते. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा अजस्र हत्ती, बारसूची, देवाचे गोठण्याची. 2022मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. वरचा काळपट कातळ ठोकून काढला आणि रेघ उमटली, एवढीच त्यांची करामत. कुणीही काही लावलेलं नाही, सगळं काढूनच केलंय. ती पाहिल्यावर कास्तिल्योनेच्या मानाबद्दल मला किंचित हसू येतं, पण ते असो.

छापाची एक खोड अशी की तो उलटा येतो. प्लेटवर डावीकडे असलेलं कागदावर उजवीकडे. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं, पण कोकणच्या किनाऱ्यावर ते एवढं साधं राहत नाही. इथे समुद्र पश्चिमेला आहे, आणि तो तिथे आहे हे लोकांच्या अंगात मुरलंय. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की समुद्र उजव्या हाताला. एकदा रस्त्याचा एक छाप ओटीवर वाळत घातला होता, शेजारचे काका काठी टेकत आले, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “अगो, समुद्र पूर्वेस नेलास की!”

“छाप उलटा येतो, काका.”

“मग सूर्य बुडायचा कुठे? माझ्या गोठ्यात?”

त्यांचं चुकत नव्हतं. छापात गुहागर जाऊन तमिळनाडूचं एखादं गाव झालं होतं. तेव्हापासून मी निवडते. नुसती वाडी असेल, फट मधोमध असेल, तर उलट-सुलट काही बिघडत नाही. पण अंजनवेलचा दीपस्तंभ नाहीतर गोपाळगडाची तटबंदी असेल तर आधी कागदावर चित्र काढून ते पालथं करून ॲक्रिलिकच्या खाली ठेवते आणि त्यावरून पुसते. ओळखीच्या जागेला लोक ओळखायला जातात, आणि ओळख पटली नाही की चित्र बघणंच थांबतं. होड्यांच्या नाळेवरची नावं हा आणखी एक ताप. उलटी देवनागरी लिहिताना शिरोरेषा सांभाळते, वेलांट्या मात्र दर वेळी दगा देतात.

एकच छाप निघतो, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. आजोळच्या ओटीवर रविवर्म्याच्या लक्ष्मीची जुनी तसबीर आहे, काच धुरकटलेली. तशीच शेजारी आहे, पलीकडच्या आळीतही आहे. त्यासाठीच तर 1894मध्ये रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, जो पुढे मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा शिळा-छाप, आणि त्यातून हजारो लक्ष्म्या घरोघर. प्रेस म्हणजे पुष्कळ प्रती, ही समजूत तिथून आपल्या हाडीमाशी खिळली आहे. त्यात मी छाप दाखवून सांगते की याची दुसरी प्रत नाही, तर माणसं माझ्याकडे दयेनं बघतात. एका वहिनींना वाडीचा एक छाप फार आवडला. त्यांना तो हवा होता आणि तस्साच दुसरा त्यांच्या ठाण्याच्या बहिणीला.

“झेरॉक्स काढून दे की मग.”

“झेरॉक्सला हा काळा येणार नाही, वहिनी.”

“न येवो. तिला कुठे माहितेय काळा किती होता ते?”

याला उत्तर नाही. शेवटी बहिणीला मी भूत दिलं. पहिला छाप निघाल्यावर प्लेटवर शाईचा जो पुसट थर राहतो, त्यावर लगेच दुसरा कागद घासला की एक फिकट, धुक्यातल्यासारखा छाप मिळतो. सगळीकडचे मुद्राचित्रकार त्याला भूतच म्हणतात. देगा अशा फिकट छापांवर पेस्टल चढवून त्यांचं नवंच चित्र करायचा. मी बहुतेक वेळा ते तसेच फडताळात ठेवून देते. वहिनींना ‘भूत’ हे नाव सांगितलं नाही. बहिणीच्या घरी वास्तुशांत होती.

फडताळातल्या अशाच एका फिकट छापाचा पुढे उपयोग झाला, तोही वाईट कारणानं. दापोली तालुक्यात मुरुडला माझ्या आत्याचं घर आहे. गावाची ठेवण गुहागरसारखीच, रस्ता, घरं, मागे वाड्या. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. कोरोनाचे दिवस, जाता येईना. फोनवर आत्या फक्त एवढंच म्हणाली, “ये कधी येशील तेव्हा. आता चुलीपाशी बसून समुद्र दिसतो.” पुण्यातल्या माणसाला हे वाक्य निमंत्रण वाटेल.

गेले तेव्हा मागचं दार उघडल्यावर डोळ्यांवर हात धरावा लागला. पोफळी निम्म्यात मोडलेल्या, काही मुळासकट उपटून एकाच दिशेला निजलेल्या. पोफळ पडली की तिच्यावरचा मिरवेलही गेला. आणि जी जायफळं वाऱ्यातून वाचली ती नंतर उन्हानं करपली, कारण त्यांना सावली लागते आणि सावलीच उरली नव्हती. नवीन लावलेल्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. तोवर काळोख नाही. इतकी वर्षं मी प्लेट काळी करून बसत होते ती कशाच्या भरवशावर, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. वाडीतला काळोख निसर्गाचा नव्हे, तो कुणीतरी लावलेला, शिंपलेला, राखलेला असतो.

त्या वाडीचा आधीच्या कुठल्या तरी भेटीतला फिकट छाप माझ्याकडे होता. त्यावरच मोडकी खोडं छापली. यासाठी पुसायची पद्धत उपयोगाची नव्हती. दुसऱ्या कागदावर शाई लावून, त्यावर हा छाप पालथा घालून, मागून पेन्सिलीनं ओढलं. फ्रेंच चित्रकार गोगँनं 1899च्या सुमाराला ताहितीत हेच केलं होतं, आणि आपण शाळेत कार्बन पेपरनं हेच करायचो. रेघ कडक येत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना शाईची लव राहते, आणि तळहात टेकला तिथेही डाग उमटतो. मागे उभ्या पोफळी पुसटशा, पुढे मोडक्या पोफळींच्या केसाळ रेघा. आत्यानं ते बराच वेळ निरखलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येणार. तर म्हणाली, “विहिरीकडचा तिसरा माड राहिला बघ. आणि हे आधी आणायचंस, पंचनाम्याला दाखवलं असतं. झाडं किती होती यावरनं कोण वाद घातलान त्या मेल्यानं!” तिसरा माड मी मग पेन्सिलीनं घातला.

सध्या वाड्या थांबल्यात. मी अडूरच्या पुढे बुधलला जाते. तिथे खडकाळ उतारावर मच्छीमारांची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी, तोंडं समुद्राकडेच. या लोकांना समुद्राकडे पाठ करून चालत नाही, होडी दिसली पाहिजे. इथे काळोखाला जागा नाही आणि मला नव्यानं शिकावं लागतंय. छपरांसाठी जुन्या पारदर्शक फाइलींचे तुकडे कापून एकेका रंगाची शाई लावते आणि प्लेटवर मांडते. जाळ्यांसाठी माडाच्या झावळीच्या बुडाशी असते ती जाळीदार साल वापरते. ती शाईत दाबून उचलली की नायलॉनच्या जाळ्याचा ढीग हुबेहूब उमटतो, कुठल्याही ब्रशनं येणार नाही असा.

आणि ज्या निळ्याला मी एवढी नावं ठेवली तो इथे आहे, पण समुद्रात नाही, छपरांवर आहे. कौलं जाऊन निळे पत्रे आलेत, पावसाळ्यात होड्यांवर निळी ताडपत्री, पिंपं निळी, जाळ्यांचे दोर निळे. समुद्र जुलैत चहासारखा गढूळ. हा पत्र्याचा निळा अजून लागत नाही. ट्यूबमधला फार स्वच्छ पडतो, काळा घातला की मरतो. परवा त्यात थोडा नारिंगी घालून पाहिला, खिळ्यांच्या कडेनं गंज उतरतो त्या रंगाचा, तर जरा जवळ गेल्यासारखं वाटलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या आत काय ते उरकायला हवं. होडी एकदा पाण्यात गेली की तिचा तळ दिसत नाही, आणि मला तळच छापायचाय.